कमलच्या गप्प बसण्यामागे कोणाचा हात?

सोमवार, ३ डिसेंबर १९५६

आजपासून रोजनिशी. रोज लिहायची, खाडा नाही. दिवसच असे आहेत की जाणत्या माणसाने नोंद ठेवली पाहिजे. वही कुणाच्या हाती लागली तर चळवळ गोत्यात येईल, म्हणून कुणाचंही खरं नाव लिहायचं नाही. शेजारच्या माणसाला 'ग' म्हणायचं. (गणपत परब. आमच्याच मिलमध्ये विणखात्यात आहे. संयुक्त महाराष्ट्र समितीचं काम करतो, पण फार उघड. छातीवर बिल्ला लावून फिरतो. याला मी काम म्हणत नाही.)

माझं काम वेगळ्या तऱ्हेचं. गेल्या जानेवारीत कर्फ्यूच्या दिवसांत ग ने मला पत्रकांचा गठ्ठा वाटायला दिला होता. तो मी आजतागायत सांभाळलाय. माळ्यावर, मखराच्या मागे. वाटला असता तर एका दिवसात संपून गेला असता. लपवताना कमलने पाहिलं. तेव्हा ती पहिलीत. दुसरा बाप गडबडला असता. मी तिचा हात माझ्या गळ्यावर ठेवला आणि शपथ घातली की शाळेत तोंड उघडायचं नाही, उघडलंस तर तुझा बाप मेला समज. पोरीने आजपर्यंत कुणाला अवाक्षर सांगितलेलं नाही. याला म्हणतात वळण.

ता. क. कमलच्या शाळेतून बोलावणं आलंय. मालन जाऊन येईल. टाइम ऑफिसच्या माणसाला असल्या गोष्टींना वेळ नसतो.

मंगळवार, ४ डिसेंबर

मालन जाऊन आली. वर्गाच्या पोतनीसबाई म्हणाल्या, कमल वर्गात बोलत नाही. कमी बोलते असं नव्हे. बोलतच नाही. हजेरीला 'हजर' म्हणायच्या ऐवजी हात वर करते. पहिलीच्या बाईंनी लाजरी समजून पुढे ढकलली. लिहिणं चांगलं, गणितं बरोबर, तोंडी परीक्षेत मात्र भोपळा. एप्रिलपर्यंत बोलली नाही तर दुसरीतच बसवणार, आणि मुक्या मुलांच्या शाळेचा विचार करा म्हणाल्या.

मुक्या! अहो, ही पोर दात घासतानासुद्धा बोलते. जेवताना बोलते, झोपेत बोलते. तिच्या बडबडीने घरात कान किटतात. मालन चुलीपाशी बसून रडायला लागली. मी तिला म्हटलं, रडू नकोस, यात काहीतरी काळंबेरं आहे. लालबागेत पोरींना काय तोटा? मग नेमकी माझ्याच पोरीवर नजर का? याच्यामागे कुणाचा तरी हात आहे. तो मी शोधून काढणार.

रविवार, १६ डिसेंबर

मधले दिवस लिहायला जमलं नाही. तपास चालू होता.

पोतनीसबाई स्वतः वाटतात साध्या. मालनच्या माहेरची माणसं अबोल आहेत, तो एक धागा आहे. मालनला तो पटला नाही. आज कमलला शिवाजी पार्कवर नेलं. मोकळ्या हवेत आवाज सुटतो. मैदानाच्या मधोमध उभी केली आणि पाढे म्हणायला लावले. काय खणखणीत म्हटले! नेटमध्ये क्रिकेट खेळणारी मंडळी वळून बघायला लागली. एवढ्यात तिच्या वर्गातली कुणी मुलगी आईबरोबर चालत आली. कमलचं तोंड मिटलं ते मिटलंच. पेढा देऊ केला, तरी नाही.

समुद्रावरचा वारा फार होता. उद्यापासून घरीच रोज सकाळी आवाजाचा व्यायाम.

शुक्रवार, २८ डिसेंबर

व्यायाम अजून सुरू झालेला नाही. थंडी आहे.

पोतनीसबाईंनी कमलला दादरला कुठल्याशा बालमार्गदर्शन केंद्रात पाठवायचं ठरवलंय. तिथे कुणी ललिता नाबर आहेत. हुद्दा काय, तर शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ. मालनला तो एका दमात म्हणता आला नाही. मला आला, पण इतका लांब हुद्दा प्रामाणिक माणसाला कशाला लागतो? मुलं शिकवायला मास्तर आहेत, मुलं आजारी पडली तर डॉक्टर आहेत. या दोघांच्या मधे शिरून घरोघरच्या गोष्टी विचारणारं हे तिसरं माणूस कुणाचं? निवडणुका तोंडावर आल्यात. मला सांगायला नको. सी.आय.डी.

मालन म्हणते, आपण जायचं. मी म्हटलं, जाऊ. शत्रूला डोळ्यांनी बघितलेलं बरं. यापुढे त्या बाईला 'क्ष' लिहिणार.

शनिवार, ५ जानेवारी १९५७

आज केंद्रात गेलो. जिना चढून वरची खोली. नाबरबाई (क्ष) साध्या पांढऱ्या साडीत. गोड बोलतात. पुण्याकडचं शुद्ध मराठी. मला नावाने हाक नाही, 'कमलचे बाबा' म्हणतात. नाव माहीत असून घेत नाहीत, हे लक्षात ठेवण्यासारखं.

प्रश्न सुरू झाले. घरात कोण कोण? कोण कुठे झोपतं? कमलशी सगळ्यात जास्त कोण बोलतं? ओरडतं कोण? बोलणं नक्की कधी थांबलं? मालन भोळी. म्हणाली, गेल्या संक्रांतीपर्यंत शाळेतल्या कविता येऊन म्हणून दाखवायची. त्यावर क्ष ने पेन्सिल खाली ठेवली आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, गेल्या जानेवारीत घरात काही घडलं होतं का?

बघा! जानेवारी! सरळ माळ्यावरच हात.

मी ताबडतोब म्हटलं, जानेवारीत आम्ही गावाला होतो. मालनने माझ्याकडे पाहिलं. कमलनेही पाहिलं. पत्ता विचारला तेव्हा वरळीच्या बीडीडी चाळीतला एक खोली नंबर ठोकून दिला. सुचतं मला ऐनवेळी.

मग कमलला खेळायला दिलं. लाकडी ठोकळे, चित्रांचे तुकडे, बाहुल्या, आणि एक लाकडी घर ज्याचं छप्पर उचलता येतं! क्ष ने कमलला माळा कुठे असतो असं एकदाही विचारलं नाही. विचारलं नाही यावरूनच बाई किती मुरलेली आहे ते कळतं. बोल म्हणूनसुद्धा सांगितलं नाही. कमल बोटाने दाखवायची, बाई मान डोलवायची.

शेवटी आम्हाला म्हणाल्या, मुलगी मुकी नाही, मंदही नाही, उलट हुशार आहे. हट्टीही नाही. ती काहीतरी सांभाळतेय. तिला बोल-बोल करू नका, खाऊचं आमिष नको, रागावणं नको. आणि बाबांनी रोज थोडा वेळ तिच्याशी खेळायचं. जमिनीवर बसून. ती सांगेल ते. आपण शिकवायचं नाही, विचारायचं नाही.

सांभाळतेय म्हणे! गठ्ठ्याचा वास लागलाय.

मंगळवार, ८ जानेवारी

खेळायला बसलो. भातुकली. कमलने मला पाहुणा केलं आणि रिकाम्या बशीतून पोहे दिले. मी पोहे खाऊन तिला विचारलं, परवा त्या बाईने तुला एकटीला काय विचारलं? घर काढ म्हणाली तर काय काढशील? कमल म्हणाली, बाबा, विचारायचं नाही ना. बाई आधीच पोरीला आपल्या बाजूला वळवतेय.

मग भातुकली आवरून तिला चित्र शिकवलं. चाळ काढायची नाही. बंगला काढायचा, दोन माड, फाटक. बापाला मिश्या काढायच्या नाहीत. माळा तर अजिबात नाही. पुन्हा पुन्हा गिरवून घेतलं. कमलने मधेच विचारलं, बाबा, खोटं काढलं तर शपथ मोडते का? मी म्हटलं, नाही मोडत. तिला एकदम बरं वाटलं. जबाबदारीची जाण आहे पोरीला.

शनिवार, १९ जानेवारी

दुसरी फेरी. कमलने बंगला काढला, माड काढले, सगळं बरहुकूम. क्ष ने विचारलं, यात तू कुठे आहेस? तर कमलने फाटकाबाहेर एक मुलगी काढली. डोळे, नाक, वेण्या. तोंड काढलंच नाही. हे मी शिकवलेलं नव्हतं. ही अक्कल तिची स्वतःची. ऊर भरून आला.

पुढचं मी दाराच्या फटीतून पाहिलं. बाहुल्यांचा खेळ चालला होता. मुलीची बाहुली शाळेत गेली. शाळेतल्या बाहुलीने तिला काहीतरी विचारलं. कमलने मुलीच्या बाहुलीला मान हलवायला लावली आणि लगेच बापाची बाहुली उचलून आडवी निजवली. वर स्वतःचा हातरुमाल पांघरला, तोंडावरूनसुद्धा. क्ष नुसती बघत बसली.

सांकेतिक भाषा! रुमालाखाली झाकलेलं म्हणजे काय, हे मला सांगायला नको. गठ्ठा.

निघताना बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, कमलचे बाबा, घरात अलीकडे कुणी गेलंय का? तुम्हाला काही होईल अशी भीती कमलला वाटते का? ही सरळ सरळ धमकी आहे. गोड आवाजातली. मी म्हटलं, मला काही होत नाही, मी सावध असतो.

बुधवार, २३ जानेवारी

अर्धी रजा टाकून पाळत ठेवली. बाई केंद्रातून निघाली, मी मागे. चष्मा लावून, टोपी काढून. प्रथम ती भाजीवाल्याकडे थांबली. मेथी. मग शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर एका खाकी अर्धी चड्डी घातलेल्या म्हाताऱ्या गृहस्थाशी बोलली. खाकी! मी झाडाआड झालो. त्या गृहस्थाने तिच्याकडून मेथी घेतली आणि पिशवी हलवत चालू लागला.

एवढ्यात मागून बाईचाच आवाज, कमलचे बाबा, इकडे कुठे? ते माझे वडील. रोज फिरायला येतात. चहाला चला ना घरी.

नाही म्हणालो. चहात काय घालतील सांगता येत नाही. घरी येईपर्यंत चष्म्याने डोकं ठणकत होतं. तो मालनच्या काकांचा होता.

रविवार, १० फेब्रुवारी

मोठा दिवस. सविस्तर लिहितो.

नाबरबाई (क्ष लिहिणं सोडून दिलंय, मलाच गोंधळायला होतं) गेल्या आठवड्यात वरळीला जाऊन आल्या. मी दिलेल्या पत्त्यावर योगायोगाने आमच्याच आडनावाचे, साटमच राहतात. त्यांच्या बोबड्या नातवाला बाईंनी काही सांगितलं, त्यांनी बाईंना घावणे खायला घातले. तरी आज बरोबर आमच्या दारात हजर! खरा पत्ता मालनने पहिल्याच दिवशी दिला होता. घरात फितुरी आहे.

जिन्यावर त्यांचा आवाज ऐकला आणि मी माळ्यावर चढलो. गठ्ठ्याजवळ आडवा पडलो. मालनला खूण केली, मी घरी नाही.

बाई आत आल्याच नाहीत. गॅलरीत, दाराकडे पाठ करून बसल्या आणि मालनबरोबर मेथी की शेपू असलं काहीतरी निवडू लागल्या. कमल आत गणपतच्या बकुळाशी खेळत होती. आधी गप्प. मग कुजबुज. मग बकुळा चिडीचा डाव खेळायला लागली तशी कमल नेहमीसारखी भांडायला लागली, मोठ्याने. बाईंनी वळून पाहिलं नाही. थोड्या वेळाने उंबऱ्यावर सरकल्या. कमल हळू झाली, पण थांबली नाही. हा सगळा प्रकार मी फळ्यांच्या फटीतून बघत होतो.

मखराला वर्षभराची धूळ. मला शिंक आली. दाबली. दुसरी दाबता आली नाही.

बाईंनी वर पाहिलं. मालनच्या हातातली भाजी खाली पडली. तोच कमल उठून माळ्याच्या शिडीपुढे उभी राहिली आणि बाईंना स्पष्ट म्हणाली, वर कुणी नाहीये.

बाई म्हणाल्या, बरं.

बस. एवढंच. पोरीने मला वाचवलं. आणि परक्या माणसाशी पहिल्यांदा बोलली, त्याचं श्रेय माझ्या शिंकेला. मालनने हे कबूल केलं नाही. बाई गेल्यावर मी खाली उतरलो, तर कमल संध्याकाळभर माझ्या मागे मागे. जरा बसलो की नाकाखाली बोट धरून बघायची. काहीतरी नवा खेळ असावा.

शनिवार, २३ फेब्रुवारी

कामगिरी पुढे चालली आहे. त्यांची.

शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात मालन आणि कमल बसतात. कमल आईला धडा वाचून दाखवते. मग बकुळाला आत घेतलं. आता पोतनीसबाई दारात उभ्या राहतात, रोज एकेक बाक पुढे येतात. नाबरबाईंनी त्यांना बजावलंय की कमलकडे बघायचं नाही, शाबासकीसुद्धा द्यायची नाही, वह्या तपासल्यासारखं करायचं. चाळीस वर्षांची बाई खोट्या वह्या तपासते! आणि मी अर्धी रजा टाकली तर मालन मला हसते.

सगळं ठीक चाललं होतं. पण पोतनीसबाई टेबलाजवळ आल्या की कमल गप्प. कुजबुजतसुद्धा नाही. गेले काही दिवस तिथेच अडलंय. नाबरबाईंनी मला बोलावून विचारलं. त्या म्हणाल्या, शाळेत बोललं तर तुमचं काहीतरी वाईट होईल असं कमलला वाटतंय. असं तिला कशावरून वाटत असेल? तुम्हाला दोष द्यायचा नाही, पण हे तुमच्याशिवाय सुटणार नाही.

दोष द्यायचा नाही म्हणे. चौकीतही आधी असंच म्हणतात. मी म्हटलं, मला कल्पना नाही.

मंगळवार, २६ फेब्रुवारी

घरात स्फोट.

मालनने कमलला मांडीवर घेऊन केस विंचरता विंचरता विचारलं. कमल म्हणाली, सांगायचं नाही, बाबांच्या गळ्याची शपथ आहे. मालनला काय ते कळलं. ती चिडली की मालवणीवर येते. लाज नाय वाटणा तुमका? एवढ्याश्या चेडवाक बापाच्या मरणाची शपथ कोण घालता? आणि हे चाळभर ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

मी शांतपणे सांगितलं की शपथ गठ्ठ्याबद्दल होती, शाळेत गठ्ठ्याबद्दल तोंड उघडायचं नाही असा अर्थ. मोठ्या माणसाला सहज कळेल. मालन म्हणाली, ती मोठं माणूस आहे का?

आवाज ऐकून गणपत आला. गठ्ठा कसला विचारलं. सांगावं लागलं. तो दाराच्या चौकटीला धरून हसला. म्हणाला, राजाराम, ती गेल्या वर्षीच्या सभेची पत्रकं, सभा होऊन वर्ष उलटलं, आणि त्यातलं सगळं आता नाक्यावर भोंग्यातून ओरडून सांगतो आम्ही. ये की एक दिवस भोंगा धरायला. पोलीस चहा पाजतात.

गणपतवरचा माझा विश्वास उडालाय. इतकं हसण्यासारखं काय होतं?

शपथ सोडवायला मी तयार आहे. पण शिस्त म्हणजे शिस्त. निवडणुका होऊ देत. निकालानंतर सोडवणार.

रविवार, १७ मार्च

निकाल लागले. लालबागेत गुलाल. समितीची माणसं निवडून आली. गणपतला खांद्यावर घेतलं होतं. मला कुणी घेतलं नाही, गुप्त काम करणाऱ्याने ती अपेक्षा ठेवू नये.

मालन तीन आठवडे माझ्याशी कामापुरतं बोलतेय. आज शपथ सोडवली. कशी सोडवायची ते नाबरबाईंनी मालनला सांगून ठेवलं होतं. हसण्यावारी न्यायचं नाही, भाषण करायचं नाही, माझं चुकलं म्हणायचं, तुझ्या बोलण्याने मला काही होणार नाही म्हणायचं. आणि तिने काही विचारलं तर खरं सांगायचं.

मी थोडी पार्श्वभूमी सांगितली. राज्य पुनर्रचनेपासून. द्विभाषिकापर्यंत आलो तेव्हा कमल जांभया देत होती. मग म्हटलं, तर अशा परिस्थितीत ती शपथ घातली होती, ती आता सुटली. कमल उठून बसली. म्हणाली, सुटली हे देवाला कळलंय का? मी म्हटलं, कळवलंय. नक्की? नक्की. तुमचं चुकलं होतं का? यावर मी म्हटलं, परिस्थितीचं चुकलं होतं.

मालनने कपाळावर हात मारला.

शनिवार, ३० मार्च

केंद्रात शेवटची सूचना. सोमवारी तोंडी परीक्षा. कमल म्हणालीय की ती 'हजर' म्हणणार, कविताही म्हणणार. पोतनीसबाईंच्या कानात तिने कविता दोनदा म्हणून दाखवली आहे. नाबरबाई खूष. पण मला म्हणाल्या, कमलचे बाबा, शपथ सुटली हे तिला ऐकून माहीत आहे, अजून पटलेलं नाही. बोलल्याबरोबर तिला तुम्हाला बघावंसं वाटेल. मिल शाळेजवळच आहे. मधल्या सुट्टीत तुम्ही गेटवर उभे राहा. पोतनीसबाई तिला घेऊन येतील. तिने तुम्हाला धडधाकट बघितलं की अर्धं काम झालं.

हो म्हणालो. पण रस्त्यात विचार केला. ठरावीक दिवशी, ठरावीक वेळी, मिलच्या गेटबाहेर उघड्यावर एकट्याने उभं राहायचं. हे कुणाच्या सोयीचं? निवडणुकीत हरलेले लोक गप्प बसतील का? इतके महिने मी सगळ्यांच्या हातावर तुरी दिल्या आणि आता एका बाईच्या सांगण्यावरून आपण होऊन गेटवर जाऊ?

जाणार नाही. घरी संध्याकाळी भेटेनच की.

सोमवार, १ एप्रिल

दुपारपर्यंत टाइम ऑफिसात. मधल्या सुट्टीच्या सुमारास वॉचमन रघु आला. गेटवर एक बाई आल्यात म्हणाला, साटम कोण, ताबडतोब पाठवा म्हणतात.

मी म्हटलं, सांग येतो, आणि मागच्या दाराने कापसाच्या गुदामात गेलो. गाठींच्या मागे बसलो. रघुने हाका मारल्या. मी श्वास रोखून. तो परत गेला. गेटवर जाऊन त्याने काय सांगितलं ते नंतर कळलं. म्हणाला, साटम मघाशी होते, आता कुठे दिसत नाहीत, काय झालं देव जाणे.

मग आवाज आला.

आधी वाटलं, खात्यात कुणाला तरी अपघात झाला. इतकं मोठ्याने माणूस उगीच ओरडत नाही. साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, खडखडाटातूनही ऐकू येत होतं. मग शब्द कळले. बाबा गेले. मी बोलले म्हणून गेले. मी 'हजर' म्हणाले म्हणून बाबा गेले. बाबा, मी परत नाही बोलणार.

मी धावलो. कसा धावलो माहीत नाही. पायात एकच चप्पल होती. गेटवर पाळी बदलायची माणसं जमली होती. पोतनीसबाईंनी कमलला धरलं होतं, ती आवरत नव्हती. बकुळा रडत होती. मला बघून कमल गप्प झाली. जवळ आली. माझ्या तोंडाला हात लावला, गळ्याला लावला, केसांतला कापूस काढून बघितला. नाकाखाली बोट धरलं. आणि मग दोन्ही मुठींनी मला मारायला लागली. पोटावर, मांड्यांवर, जिथे हात पोचेल तिथे. मी मारू दिलं. कुणी हसलं नाही. मला वाटलं होतं हसतील.

चौदा-पंधरा महिने पोर पोलिसांना घाबरून गप्प नव्हती. चळवळीसाठी नव्हती. मी जिवंत राहावं म्हणून गप्प होती. आणि मला अभिमान वाटत होता.

पोलीस आले नाहीत. कधी येणारच नव्हते.

मंगळवार, २ एप्रिल

कमल शाळेत गेली नाही. ताप. मी रजा घेतली. जमिनीवर बसून तिच्याशी भातुकली खेळलो. काही विचारलं नाही. तिचा हात हातात घेऊन म्हटलं, माझं चुकलं. परिस्थितीचं नाही, माझं. ती म्हणाली, माहितेय. मग मला पोहे दिले.

संध्याकाळी ललिता नाबर आल्या. मी माळ्यावर चढलो नाही. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. म्हणाल्या, कालचं गेटवरचं राहिलंय, ते करा. त्यांना चहा दिला. मालनने केला, पण दिला मी.

गुरुवार, ४ एप्रिल

कमल शाळेत गेली. 'हजर' म्हणाली. कविता म्हटली. पोतनीसबाईंनी पुरे म्हणेपर्यंत म्हटली, असं बकुळा सांगत होती.

मधल्या सुट्टीत गेटवर उभा राहिलो. हेडक्लार्कला खरं कारण सांगितलं. मला वाटलं होतं, पळत येईल, बिलगेल, कविता म्हणून दाखवेल. मी रुमाल इस्त्रीचा घेतला होता.

कमल बकुळाबरोबर आली. रस्त्याच्या पलीकडेच थांबली. मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, मी आहे याची खात्री केली, आणि बकुळाला काहीतरी सांगत सांगत तशीच पुढे गेली. काय सांगत होती ते ऐकू आलं नाही. हातवारे करून सांगत होती.

असं किती दिवस उभं राहायचं, ते नाबरबाईंना विचारलं. म्हणाल्या, ते कमल ठरवेल.